तिकडे टीमचं नाव चक्रीवादळ, इकडे वसमतच्या नवोदयमध्ये शिवालिक : शाळेच्या ओळखीची गोष्ट

अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमला 'सायक्लोन्स' म्हणतात. १८९५ साली या कॉलेजने फुटबॉलमध्ये नॉर्थवेस्टर्नला ३६-० असं धुतलं. शिकागोच्या एका पेपरने बातमी छापली, की नॉर्थवेस्टर्नवर चक्रीवादळ आदळलं. नाव तिथेच चिकटलं. पुढे १९५४ मध्ये मॅस्कॉट, म्हणजे शुभंकर करायचा ठरला, तेव्हा पंचाईत झाली. वादळाचा पोशाख शिवणार कसा? शेवटी त्यांनी लाल रंगाचा कार्डिनल पक्षी निवडला.

आपल्याकडे हे काम 'हाउस' करतात.

हिंगोली जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय वसमतला आहे. देशभरातल्या नवोदयांप्रमाणे इथेही चार हाउस : अरवली निळं, निलगिरी हिरवं, शिवालिक लाल आणि उदयगिरी पिवळं. क्रीडा दिन असो की वक्तृत्व स्पर्धा, गुण हाउसच्या खात्यात जातात.

मग वादळाचं नाव का नाही?

मराठवाड्यात वादळ म्हटलं की नुकसान आठवतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने इथली उभी रब्बी पिकं झोपवली होती. ज्या पोराच्या घरचा गहू असा गेला, त्याला 'गारपीट हाउस' म्हणून जल्लोष करायला कसं जमेल?

तरी या डोंगरांच्या नावांत हवामान आहेच. अरवली अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांना जवळपास समांतर आहे. त्यामुळे ती वारे अडवत नाही आणि पश्चिम राजस्थान कोरडा राहतो. निलगिरी दोन्ही मान्सूनचा पाऊस झेलते. शिवालिकचा संबंध तर थेट हिंगोलीच्या सोयाबीनशी. पावसाळ्यात कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला, की तिकडे धो धो पाऊस पडतो आणि इकडे मराठवाड्यात खंड पडतो.

हाउसचा खरा उपयोग काय?

नवोदयमध्ये सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. त्यातली किमान ७५ टक्के ग्रामीण भागातली असतात. दहा-अकरा वर्षांचं पोर पहिल्यांदा घर सोडून येतं. त्याला राहायला जागा, विचारपूस करणारे हाउस मास्टर आणि मोठ्या वर्गातले दादा हाउसमुळे मिळतात.

नववीत यातली काही मुलं वर्षभरासाठी हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयमध्ये जातात. भाषा बदलते, जेवण बदलतं, थंडीही वेगळी असते. हाउसची नावं मात्र तीच चार राहतात.

धोका कुठे आहे?

१९५४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी ओक्लाहोमातल्या एका शिबिरात साधारण अकरा वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. गटांना नावं आणि झेंडे मिळाले, स्पर्धा लागल्या. थोड्याच दिवसांत मुलं एकमेकांचे झेंडे जाळू लागली. नुसतं एकत्र जेवायला बसवून भांडण मिटलं नाही. पाणीपुरवठा बंद पडल्यावर बिघाड शोधण्यासारखी कामं मिळून करावी लागली, तेव्हा कुठे तेढ कमी झाली.

नवोदयमध्ये असं एकत्र काम वेळापत्रकातच असतं. क्लस्टर आणि रिजनल स्पर्धांना जाताना चारही हाउसची मुलं शाळेच्या एकाच टीममधून खेळतात. काल कबड्डीत ज्याचा पाय धरला, तो आज आपल्याच बाजूने चढाईला जातो.