सोडायचं ते नेमकं काय?

बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडची जुनी मशीद १५८२ साली खुदावंदखान महदवी या सरदाराने बांधली. त्याच्या महदवी पंथात दुनियेचा मोह सोडणं हे श्रद्धावानाचं कर्तव्यच मानलं जातं. मोहिमा चालवणाऱ्या सरदाराला त्याचा पंथ सांगतो, ‘सोड’! हे कोडं एकट्या महदवींचं नाही. ख्रिस्ती साधकांनाही ते पहिल्या शतकांपासून छळत आलं आहे.

तिसऱ्या शतकातल्या मिसर देशातला अँथनी हा तरुण घ्या. आई-बाप गेलेले, हाताशी वडिलोपार्जित सुपीक जमीन आणि पाठीवर धाकटी बहीण. देवळात त्याच्या कानावर येशूचं सांगणं पडलं: असेल ते विकून गरिबांना दे. त्याने जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, सामान विकलं, बहिणीपुरतं थोडं बाजूला ठेवलं. पुन्हा देवळात गेला, तर वाचन चाललं होतं उद्याची चिंता न करण्याचं. मग ते थोडंही गेलं. बहिणीला त्याने विश्वासू व्रतस्थ स्त्रियांकडे सोपवलं आणि स्वतः पुढे वाळवंटाची वाट धरली.

मग घरदार टाकलं की झालं का? सोळाव्या शतकात ख्रिस्ती साधक इग्नेशियस लोयोला यांनी याला वेगळीच कसोटी लावली. वस्तू वाईट नाही. देवाच्या कामी येते तेवढी वापरावी, आड येते तेवढी दूर सारावी. श्रीमंती असो की गरिबी, मनाने आधीच एकीकडे झुकू नये. म्हणजे रिकाम्या झोळीचाही अभिमान जडू शकतो, आणि भरल्या घरातही माणूस मोकळा राहू शकतो.

या विचाराला मराठी रूप दिलं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात त्यांची वर्षं गेली. महिन्याला वेतन ठरलेलं. कवी आणि उपदेशक म्हणून नाव झालेलं. १९१७ साली त्यांनी ते वेतन सोडलं, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांबरोबर न झालेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.

गंमत अशी, की या संन्याशाने बायकामुलं टाकली नाहीत. परदेशी मिशनच्या पगारावर चालणारा धर्म आपल्या मातीत कसा रुजणार, ही त्यांची खरी खंत होती. सोडायचा होता तो हा आधार. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरंच राहिलं. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

टिळकांच्या या हिशेबात लक्ष्मीबाईंचाही वाटा धरायलाच हवा. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं, की देऊन टाकणाऱ्या नवऱ्याच्या घरातही चूल रोज पेटवावी लागते. त्यागाचं श्रेय एकाच्या नावावर पडतं, त्याची किंमत मात्र घरातली सगळी माणसं मोजत असतात.