फुकटचा हिशेब कच्चा नसतो

सांगलीच्या गणपती पेठेतला दुकानदार असो की साताऱ्यात कंदी पेढे करणारं कुटुंब, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा विषय निघाला की ‘सीए सांगतील ते’ हे उत्तर ठरलेलं. त्यात फुकट मिळणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचं नाव काढलं, तर शंकाच जास्त. त्यातल्या पाच तपासून पाहू.

गैरसमज १ : फुकट म्हणजे चोरीची कॉपी.
वस्तुस्थिती : विकतचं सॉफ्टवेअर क्रॅक करून वापरणं ही चोरी. ग्नूकॅश या हिशेबाच्या मुक्त सॉफ्टवेअरची १.० आवृत्ती १९९८ साली आली. ते जीपीएल परवान्याखाली मिळतं. वापरायची, दुसऱ्याला द्यायची, आतला कोड बदलायची मुभा त्या परवान्यातच लिहिलेली आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्टही मुक्तच. मात्र त्याला सर्व्हर लागतो, त्यामुळे तो आणि बसवून देणाऱ्याची मजुरी हा खर्च धरावा. ग्नूकॅश साध्या कॉम्प्युटरवर चालतं, पण एका वेळी एकानेच नोंदी करायच्या. दुकान आणि गोदाम दोन्हीकडून नोंदी होत असतील, तर ते अपुरं पडेल.

गैरसमज २ : सरकारला ते चालत नाही.
वस्तुस्थिती : अमुकच सॉफ्टवेअर वापरा, असं जीएसटी किंवा प्राप्तिकराचा कायदा म्हणत नाही. प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा ‘एडिट लॉग’ हवा, हा १ एप्रिल २०२३ पासूनचा नियम कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांसाठी आहे. मालकीच्या दुकानाला किंवा भागीदारी पेढीला तो लागू नाही. प्रायव्हेट लिमिटेड असाल, तर मात्र ग्नूकॅशच्या वाटेला जाऊ नका.

गैरसमज ३ : जीएसटीचं सगळं आपोआप होईल.
वस्तुस्थिती : होणार नाही. ग्नूकॅशमध्ये कराचा तक्ता एकदा भरला, की पेढ्यांच्या बिलावर सीजीएसटी २.५ टक्के आणि एसजीएसटी २.५ टक्के वेगवेगळे पडतात आणि महिन्याची बेरीज मिळते. रिटर्न मात्र पोर्टलवरच भरायचं. त्यासाठी जीएसटीचं ऑफलाइन टूल मोफत आहे.

गैरसमज ४ : डेबिट-क्रेडिट हे कॉमर्सवाल्यांचं काम.
वस्तुस्थिती : समजा, शेतकऱ्याने सांगलीच्या बाजारात हळद विकली. पट्टी ६०,००० रुपयांची, हमाली-तोलाई १,२०० वजा, खात्यात आले ५८,८००. वहीत बहुतेकजण फक्त ५८,८०० लिहितात आणि खर्च दिसेनासा होतो. ग्नूकॅशमध्ये एकाच नोंदीत तीन ओळी येतात : बँक नावे ५८,८००, हमाली-तोलाई नावे १,२००, हळदविक्री जमा ६०,०००. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे फरक दाखवतो. वर्षअखेरीला हमालीवर किती गेले, हे पट्ट्या न शोधता कळतं. घरखर्चात किराणा, शाळेची फी, सोसायटीचा हप्ता यांची खाती अशीच उघडायची.

गैरसमज ५ : कॉम्प्युटरवर आहे, म्हणजे सुरक्षित आहे.
वस्तुस्थिती : ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं. अशा पाण्यात वही जाते, तसा कॉम्प्युटरही जातो. ग्नूकॅशची माहिती कंपनीच्या सर्व्हरवर नसून आपल्याच फाइलमध्ये असते. त्यामुळे ती सांभाळणंही आपल्याकडेच. दर आठवड्याला एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या घरी ठेवा, एक ऑनलाइन ठेवा. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, हे लक्षात असू द्या.

बदल करायचाच तर १ एप्रिलला सुरुवातीची शिल्लक भरून करा. त्याआधी सीएंना नोंदी कोणत्या स्वरूपात हव्यात ते विचारा; ग्नूकॅशमधून त्या सीएसव्ही फाइलमध्ये काढता येतात. पहिले तीन महिने जुनी वहीही चालू ठेवा आणि दर महिनाअखेरीला दोन्हींची शिल्लक बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहा. ती लागोपाठ जुळली, की वही बंद करायला हरकत नाही. रोजची नोंद रोज करायची सवय नसेल, तर सॉफ्टवेअर फुकटचं घ्या की विकतचं, शिल्लक जुळणार नाही.