जाळी पडली का?

आमच्या ओट्यावर सध्या दोन पाहुणे मुक्कामाला आहेत. एक काचेची बरणी आणि एक स्टीलचा डबा. बरणीत लेकीचं सावरडो ब्रेडचं आंबवण आहे. ती आणि जावई पंधरा दिवस फिरायला गेलेत. जाताना "आई, याला रोज दोन चमचे कणीक आणि पाणी घाल, मरू देऊ नकोस," असं बजावून गेली. शेजारणीकडे मांजर सोपवावं तसं. डब्यात अनारशाचं पीठ आहे. ते माझं. बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा केलेलं. आजवर दिवाळीला अनारसे विकतच यायचे आणि घरात कुणाला त्याची लाजही नव्हती.

पण यंदा ज्येष्ठ अधिक आलाय, १७ मे ते १५ जून. लेकीचं लग्न फेब्रुवारीत झालं, म्हणजे जावयाचा हा पहिला धोंड्याचा महिना. तेहतीस अनारसे द्यायचे. आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंचा निकाल असा, की "विकतचेच द्यायचे असतील तर देऊच नकोस."

तेहतीसच का, हे कोडं सुटायला सोपं आहे. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत आटोपतात, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट. ती साठत साठत साधारण साडेबत्तीस महिन्यांत अख्ख्या महिन्याएवढी होते. मग असा एक चांद्रमास येतो, की ज्यात सूर्य रासच बदलत नाही, एकही संक्रांत पडत नाही. तो अधिक. तेहतिसाव्या महिन्याच्या आसपास येतो म्हणून तेहतीस, असं एक कारण सांगतात. तेहतीस कोटी देवांचं दुसरं.

मला अडलं ते दुसरंच. या महिन्यातलं वाण जाळीदार हवं. अनारसे, बत्तासे, म्हैसूरपाक. म्हणजे भोकं असलेलं दान! सासूबाई सांगतात, अनारशाला जितकी भोकं तितकी वर्षं स्वर्ग. देणाऱ्याला, घेणाऱ्याला नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

स्वर्गाचं नंतर बघू. आधी ते भोक येतं कुठून?

तांदूळ जुना घ्यायचा. तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. दुसऱ्या दिवशी पाण्यावर बारीक फेस दिसला आणि आंबूस वास आला. मी घाबरले, सासूबाई खूश झाल्या. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू कामाला लागले होते. तिसऱ्या दिवशी दाणा दोन बोटांत धरला की चुरतो. तांदळाच्या दाण्यात पिष्टाचे कण खच्चून भरलेले असतात. कोरडा दाणा दळला की त्यातले पुष्कळ कण फुटतात, आणि फुटका कण पाणी दिसलं की अधाशासारखं ओढून घेतो. भिजून मऊ झालेल्या दाण्यातले कण मात्र एकमेकांपासून सुटे होतात आणि बरेचसे अख्खे राहतात. अनारशाला पाकिटातली तांदळाची पिठी चालत नाही, ती या कारणानं. आमच्याकडे आजवर हा हट्ट समजला जायचा.

मग उपसून पंचावर पसरायचा, सावलीत. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये, इतपतच सुकवायचा. "तासभर," सासूबाई म्हणाल्या. तो दिवाळीचा तास. मे महिन्यातल्या पुण्यात, पंख्याखाली, तासाभरात माझा तांदूळ खडखडीत. त्या किलोभराची धिरडी झाली, चार दिवस. दुसऱ्या खेपेला मी पंचाशेजारीच पाट मांडून बसले आणि विसाव्या मिनिटाला तांदूळ उचलला.

दळून, बारीक चाळणीनं चाळून हाती आलेल्या ओलसर पिठीत जवळपास तेवढ्याच वजनाचा किसलेला गूळ घातला, साधा, चिक्कीचा नव्हे. वर चमचाभर तूप. पाण्याचा थेंब नाही. आणि इथे मी पहिल्यांदा हात थांबवून बघत राहिले. कोरडी वाटणारी पिठी, कोरडा वाटणारा गूळ, नुसतं कुस्करत राहायचं. आणि पाच-सात मिनिटांत हाताखाली मऊ, ओला गोळा! बाहेरून काहीच आलेलं नाही. गूळ पाण्याचा लोभी. त्यानं पिठीतली ओल स्वतःकडे खेचली आणि स्वतःच विरघळला. डब्यात चार-पाच दिवस मुरू दिलं की हे काम सावकाश पुरं होतं. प्रत्येक कणाला गुळाच्या दाट पाकाचं अस्तर लागतं. विटा आणि चुना असतो ना, तसं. फक्त हा चुना तापला की पातळ होणारा.

आता तूप मंद तापवायचं. खसखशीवर थापलेला अनारसा खसखस वर ठेवून सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्यानं तूप वर उडवत राहायचं. दोन-तीन सेकंद काही होत नाही. मग कडेनं बुडबुडे सुटतात, आणि वरच्या मऊ अंगावर टाचणीनं टोचल्यासारखं एक छिद्र उघडतं. मग त्याच्या शेजारी दुसरं. मग एकदम वीस.

हे सगळं करतं ते पाणी. एक ग्रॅम पाणी, म्हणजे वीसेक थेंब, उकळून वाफ झालं की त्याला दीड लिटरपेक्षा जास्त जागा लागते. हा आकडा मी वहीत दोनदा करून पाहिला. एका लहानशा अनारशात ग्रॅमभर तरी पाणी असतंच; म्हणजे तळहाताएवढ्या पापुद्र्यातून एवढी वाफ मिनिटाभरात वाट काढत असते. गव्हाच्या पुरीत तिला वाट मिळत नाही. कणकेतलं ग्लुटेन रबरासारखं ताणलं जातं, वाफेला कोंडून धरतं आणि पुरी टम्म होते. पुरी म्हणजे तसं पाहिलं तर एकच मोठं भोक. तांदळात ग्लुटेन नाही. वाफेला कोंडणारं कुणी नाही. ती जिथे फट मिळेल तिथून फुटून वर येते, आणि खालून तळत आलेला, वरून अजून मऊ असलेला अनारसा तिला मुकाट वाट देतो. तिच्यामागे गुळाचा पाक घट्ट होत जातो आणि गार झाल्यावर काचेसारखा कडक. अनारशाची जाळी म्हणजे वाफ निघून गेल्यावर उघडी राहिलेली दारं.

पहिला अनारसा मात्र हसला. ज्यांनी कधी केले नाहीत त्यांच्यासाठी: अनारसा तुपात पडताच पसरून, विस्कटून, कढईभर झाला की तो 'हसला' म्हणतात. गूळ जास्त झालेला. विटा कमी, चुना फार. तापल्यावर चुना वाहिला आणि भिंतच गेली. सासूबाई खुर्चीतून न उठता म्हणाल्या, "अगं, मूठभर पिठी मळ त्यात." मळली. दुसरा हसला नाही.

या शब्दावर मी दिवसभर अडकून होते. बघा, आपल्या स्वयंपाकघरातली क्रियापदं किती प्रामाणिक आहेत. पुरी फुगते. पाक येतो. पीठ मुरतं. अनारसा हसतो. आणि जाळी पडते. जाळी कुणी पाडत नाही. आपण फार तर तिच्या येण्याची सोय करतो. आणि ती आली की ओट्याजवळ नसलेला माणूसही आतल्या खोलीतून एकच प्रश्न विचारतो, "जाळी पडली का?"

हाच प्रश्न मला बरणीलाही विचारायचा होता. सावरडोच्या पावाची सगळी ऐट त्याच्या भोकांत असते. पण तिथलं काम वाफेचं कमी, कार्बन डायऑक्साइडचं जास्त. तो करतात यीस्ट. आपली इडली आणखी वेगळी. तिच्यात वायू मुख्यत्वे ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू करतात, आणि तो धरून ठेवायला उडदातला चिकटपणा असतो. उडीद नसता तर तांदळातून वायू कधीच पळाला असता. बिडाच्या तव्यावरचं घावन तर आंबवलेलंही नसतं. पातळ पीठ कडकडीत तव्यावर पडतं आणि वाफ क्षणात जाळी करून मोकळी. ढोकळ्यात सोडा आणि लिंबू. बत्ताशातही सोडाच, पाकाच्या उष्णतेनंच फुटणारा. म्हैसूरपाक सगळ्यांत नाट्यमय: बेसन-पाकात कडकडीत तूप पळीपळीनं पडतं, पाकातलं पाणी जागच्या जागी वाफ होतं, आणि कढईत सगळं फसफसून वर येतं. मी तो करत नाही. माझी हिंमत अनारशापर्यंतच.

या सगळ्यांत एक प्रश्न तसाच राहतो, आणि तो मला वाफेपेक्षाही गूढ वाटला. बुडबुडा सुरू कुठे होतो? फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यांत जड जाते, पुढच्या सोप्या. बुडबुड्याचं तसंच. तो जितका लहान, तितका त्याच्यावरचा दाब जास्त. शून्यापासून बुडबुडा जन्मायचा तर दाब अफाट हवा. मग कणकेत, पिठात, तो जन्मतो कसा?

उत्तर असं, की बहुतेक वेळा जन्मतच नाही. १९४१ मध्ये बेकर आणि माईझ या दोन अमेरिकी संशोधकांनी कणीक मळताना हवाच काढून घेऊन पाहिली. (पावावर संशोधन करणाऱ्याचं आडनाव बेकर. असो.) त्यातून निघालं ते हे, की यीस्ट नवीन बुडबुडे करतच नाही. मळताना कणकेत जी हवा कोंडली जाते, तेच बारीक बारीक बुडबुडे. यीस्टचा वायू फक्त त्यांत शिरून त्यांना फुगवतो. मळताना जेवढी बीजं पडली, तेवढंच पीक.

हे वाचलं आणि मला माझी आई आठवली. दहीवड्याची डाळ वाटून झाली तरी ती हातानं फेटत बसायची. आम्ही म्हणायचो, वाटून तर झालीय. ती वाटीभर पाणी घ्यायची, पिठाचा थेंब त्यात टाकायची. बुडाला की पुन्हा फेटणं. तरंगला की, "हां, आता तळा." ती डाळीत हवा पेरत होती, आणि पाण्याची वाटी तिला सांगत होती पेरणी पुरी झाली की नाही.

स्वित्झर्लंडच्या चीजची गोष्ट याच घरातली. त्यातली मोठमोठी भोकं जिवाणूंच्या वायूनं होतात, हे शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत होतं. पण अलीकडे भोकं कमी व्हायला लागली. २०१५ मध्ये तिथल्या अ‍ॅग्रोस्कोप या सरकारी संस्थेनं कारण सांगितलं: गोठ्यात उघड्या बादलीत धार काढताना गवताचे सूक्ष्म कण दुधात पडायचे, बुडबुड्यांना बसायला ती जागा मिळायची. यंत्रानं, बंद नळीतून दूध निघायला लागलं; कचरा गेला, त्याबरोबर भोकंही. स्वच्छतेनं जाळी पळवली! आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तर त्या अजिबात चकित झाल्या नाहीत. "सारखं धूत बसलं की चव जातेच," म्हणाल्या.

अनारशाला अशा जागा कुठून मिळतात? कणाकणांमधल्या फटींतून. पीठ थापताना त्यांत हवा अडकलेली असतेच. म्हणून फार मळून गुळगुळीत केलेल्या पिठाला जाळी कमी पडते, रवाळ पिठाला छान. हे मी बत्तिसाव्या अनारशापर्यंत शिकले.

रविवारी दोघं परतले. लेकीनं आल्या आल्या आधी बरणी पाहिली, मग मला. आंबवण दुप्पट फुगलेलं होतं. मी रोज खायला घालत होतेच, दोन दिवस चुकून जास्तच. तिनं दुसऱ्या दिवशी पाव केला, कापला, आणि फोड आजीसमोर धरली. आजीनं चष्मा सरसावून आत बघितलं. आंबट वास घेतला. अनारशाच्या पाण्याचा वास घेऊन झाल्या होत्या तशाच खूश झाल्या. "अगबाई, जाळी पडली की!" पाव त्यांनी खाल्ला नाही, दात नाहीत, पण पसंत पडला.

संध्याकाळी ताटात तेहतीस अनारसे मांडले. मोजून. त्यातला सगळ्यांत देखणा मी आधीच बाजूला काढला होता, त्याला भिंग आणि टाचणी घेऊन बसले होते. भोकं मोजायची होती. स्वर्गाचा हिशेब करायचा तर नीट करावा. कडेकडेनं सुरुवात केली, मोजलेल्या भोकावर खसखशीचा दाणा ठेवत. काही भोकं आतून दुसऱ्या भोकांना जोडलेली. ती एक धरायची की दोन? दोन धरली. एकशे सदतीसपर्यंत पोचले, आणि अजून मधला भाग बाकी होता.

"हा घेऊ का, आई?" म्हणत जावयानं तो उचलला आणि तोंडात टाकला. कुरकुर आवाज खोलीभर.

मी भिंग तसंच धरून बसले. सासूबाई म्हणाल्या, "असू दे गं. एकशे सदतीस पुष्कळ झाली."