दीड आण्याची ट्राम, चार आण्यांची बस

म्युझियमवरून थेट दादरला जायला ट्रामचा दीड आणा पडायचा आणि तेवढ्याच प्रवासाला बसचे चार आणे. मुंबईत मोटार बस आली त्यानंतर बरीच वर्षे हा फरक टिकून होता. बसमध्ये कोण बसणार आणि ट्रामच्या दांड्याला धरून कोण उभा राहणार, हे त्या अडीच आण्यांनी ठरवून टाकले होते. ट्राम गरिबाची, बस बऱ्या परिस्थितीतल्या मध्यमवर्गाची. आज एकमेकांना कोपरे मारत याच बसमध्ये चढणाऱ्या गर्दीला हे सांगूनही खरे वाटणार नाही.

हा रस्ता मुंबईच्या पाठीच्या कण्यासारखा आहे. बोरीबंदर, क्रॉफर्ड मार्केट, भायखळा, राणीबाग, लालबाग, परळ, हिंदमाता आणि मग दादर. भायखळ्याच्या पुढे तो आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग म्हणून ओळखला जातो. दीडशे वर्षांत या वाटेवर वाहने किती तरी आली आणि गेली. प्रत्येक वेळी नव्या गाडीचे कौतुक झाले. पण रस्त्याचे नशीब खरे बदलले ते भाड्याने आणि गाडीत मावणाऱ्या माणसांच्या संख्येने.

मुंबईतली पहिली ट्राम 9 मे 1874 रोजी धावली. ती घोडे ओढत. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. कुलाबा ते पायधुणीचे भाडे तीन आणे होते आणि तिकीट असे काही नव्हतेच. गर्दी वाढली तसे भाडे दोन आण्यांवर उतरले आणि फुकट्यांना आळा घालायला छापील तिकिटे आली. 1905 मध्ये घोड्यांचा हा कारभार बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीकडे गेला. 7 मे 1907 रोजी विजेची ट्राम सुरू झाली. 1920 मध्ये तिच्यावर दुसरा मजला चढला, कारण एका मजल्यात माणसे मावेनाशी झाली होती.

ही माणसे आली कुठून? लालबाग-परळच्या गिरण्यांमधून, आणि त्याही पलीकडून. 1896 च्या प्लेगने मुंबईच्या कोंदट चाळी उघड्या पाडल्या. त्यानंतर 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जागेवर आखीव वसाहती उभ्या राहू लागल्या. आज ज्या दादरला शहराचा मध्य म्हणतात, ते तेव्हा अगदी उपनगर होते. हिंदू कॉलनीत किंवा पारशी कॉलनीत राहायला गेलेला कारकून रोज फोर्टात कामाला येणार कसा, हा प्रश्न त्या वसाहतींबरोबरच जन्माला आला. रूळ दादरपर्यंत पोहोचले आणि तिथे ट्रामचे टर्मिनस झाले. ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली तरी तो भाग दादर टी. टी.च आहे.

बसची सुरुवात मात्र दक्षिणेकडून झाली. 15 जुलै 1926 रोजी पहिली बस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी निघाली. डिसेंबरअखेरपर्यंत सहा लाख प्रवासी बसने गेले आणि पुढच्या पूर्ण वर्षात 38 लाख. आकडे मोठे दिसतात, पण गिरणगावचा कामगार त्यांत फारसा नसणार. चार आणे त्याला परवडणारे नव्हते. शहराच्या उत्तर भागातल्या लोकांनी मागणी लावून धरली, तेव्हा 1934 मध्ये बस तिकडे वाढवण्यात आली. 1937 मध्ये डबलडेकर बस आली. 1940 मध्ये कुलाबा ते माहीम अशी 'लिमिटेड' बस सुरू झाली. मोजक्याच थांब्यांवर थांबणारी अशी बस बहुधा देशात पहिलीच. लांबच्या प्रवाशाचा वेळ वाचवायचा तर रस्ता रुंद करावा लागत नाही, थांबे कमी केले तरी भागते, ही त्यातली साधी आणि फार शहाणी कल्पना. लाल आकड्याची लिमिटेड दिसली की थांब्यावरच्या रांगेत चुळबुळ सुरू व्हायची ती त्यामुळेच.

स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, 7 ऑगस्ट 1947 रोजी, ट्राम आणि बस चालवणारी ही कंपनी महापालिकेच्या ताब्यात आली. तेव्हा 23 मार्गांवर 242 बस होत्या. ट्राम आणि बस आता एकाच सार्वजनिक मालकाच्या झाल्या. रुळांची अडचण होऊ लागली, तशी ट्राम मार्गामार्गाने कमी होत गेली. मध्येच एक वेगळा प्रयोग झाला. गवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर 11 जून 1962 पासून बारा ट्रॉलीबस धावल्या. त्यांना रूळ नव्हते, पण डोक्यावर विजेच्या तारा होत्या. 1971 मध्ये त्या बंद झाल्या.

शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री दहा वाजता बोरीबंदरहून दादरला निघाली, ती खचाखच भरून. निरोपाच्या त्या फेरीने हाच रस्ता धरला होता.

त्यानंतरची तीन दशके डबलडेकरची. ड्रायव्हर आपल्या केबिनमध्ये एकटा, आणि खाली एक, वर एक असे दोन कंडक्टर. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. वरच्या मजल्यावरची पुढची सीट मिळवण्यासाठी पोरे जिना धडाधड चढायची. गिरण्यांच्या तीन पाळ्या होत्या. भोंगा झाला की पाळी सुटे आणि शेकडो माणसे एकदम रस्त्यावर येत. अशा रस्त्यावर दुमजली गाडी ही गरज होती. एकमजली बसइतकीच जागा अडवून ती जास्त माणसे नेत असे.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपातून गिरणगाव कधी सावरलेच नाही. बसचा प्रवासी बदलला, पण कमी झाला नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, त्यांत नोकरी करणारे आले. केईएम, टाटा आणि वाडिया रुग्णालयांत गावोगावचे रुग्ण येतच राहिले. दादरला एसटीतून किंवा गाडीतून उतरून परळ गाठणारी ही माणसे हातात फाइल आणि पिशवी घेऊन बसच शोधतात.

याच काळात रस्त्यावर दुसरा रस्ता चढला. 2002 मध्ये जे. जे. उड्डाणपूल आणि 2011 मध्ये लालबागचा पूल झाला. मोटारी वरून सुसाट जाऊ लागल्या. थांबे खालीच राहिले, खांबांच्या सावलीत आणि सिग्नलच्या कोंडीत. पावसात हिंदमाताला पाणी तुंबते तेव्हाही अडकतो तो खालचाच प्रवासी. सार्वजनिक पैशांतून झालेल्या या दोन पुलांनी बसच्या प्रवाशाला फारच थोडे दिले, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

डबलडेकर चालवायला महाग म्हणून कमी होत गेल्या. 1990 च्या सुमारास त्या नऊशेच्या आसपास होत्या. 2023 मध्ये उरल्या सात, त्यांतल्या तीन उघड्या छताच्या, पर्यटकांसाठीच्या. नेहमीच्या प्रवाशांसाठीची शेवटची जुनी डबलडेकर 15 सप्टेंबर 2023 रोजी अंधेरीत धावली. त्याआधीच, फेब्रुवारीत, वातानुकूलित विजेची डबलडेकर सीएसएमटी ते एनसीपीए मार्गावर सुरू झाली होती. गाडी देखणी आहे आणि तिचे स्वागतच आहे. पण तिला पहिला मान मिळाला तो नरिमन पॉइंटच्या कचेऱ्यांकडे जाताना.

भाड्याची ताकद 2019 मध्ये पुन्हा दिसली. 9 जुलैला किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आले आणि घसरत चाललेली प्रवासीसंख्या झपाट्याने वाढली. पुढे बस मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. एकेकाळी चार हजारांवर असलेला ताफा 2025 मध्ये तीन हजारांच्या आत आला होता आणि त्यातल्या बहुतेक गाड्या कंत्राटदारांच्या होत्या. 9 मे 2025 पासून साध्या बसचे किमान भाडे दहा रुपये झाले, वातानुकूलित बसचे बारा. मुंबईची पहिली ट्रामही 9 मेलाच निघाली होती, त्याच्या 151 वर्षे आधी.

नव्या डबलडेकर वाढवायच्या असतील, तर त्या सर्वांत आधी या मार्गावर यायला हव्यात. भायखळा ते दादर या पट्ट्यात प्रवासी दिवसभर आहे. कचेऱ्यांच्या वेळा संपल्या तरी रुग्णालये आणि बाजार चालूच असतात. दहा रुपये मोजून अर्धा तास थांब्यावर उभे राहायची वेळ आली, की चार माणसे मिळून शेअर टॅक्सी शोधतात आणि बसचा तेवढा प्रवासी कमी होतो. जास्त माणसे नेणारी गाडी दर पाच-सात मिनिटांनी मिळाली, तर यांतले बरेच जण परत बसकडे वळतील.