जोर नको, रोख हवा : डिस्क गोल्फची लांब फेक

मी त्सुकुबाहून बोलते आहे. आजचा विषय खेळाचा आहे, पण सुरुवात माझ्या दुखऱ्या खांद्यापासून करते.

गेल्या हिवाळ्यात माझ्या अकरा वर्षांच्या लेकाला डिस्क गोल्फचं वेड लागलं. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काठी आणि चेंडूऐवजी हातात तबकडी, आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत टोपली गाठेल तो जिंकला. अमेरिकेत एड हेड्रिक यांनी १९७० च्या दशकात या खेळाला आजचं रूप दिलं. सुरुवातीच्या लांब फेकीला ड्राइव्ह म्हणतात, आणि आमचं घोडं अडलं होतं ते तिथेच.

१९८५ साली त्सुकुबात मोठं विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. त्या जागी आता बाग आहे. रविवारी सकाळी तिथल्या रिकाम्या गवतावर आम्ही एखादं झाड ठरवून फेकायचो. लेकाची तबकडी वर चढायची, थबकायची आणि वीस-पंचवीस मीटरवर डावीकडे बसायची. मी ओरडायची, "अरे, जोर लाव!" मग स्वतः जोर लावून दाखवायची. दोन महिन्यांत माझा खांदा धरला, आणि लेक म्हणाला, "आई, मला नाही जमत. नको येऊया आपण."

त्या दिवशी तिथे फिरायला आलेले एक आजोबा थांबले आणि एकच वाक्य बोलले, "चिकारा ओ नुइते." जपानमध्ये राहणाऱ्यांनी मुलांच्या पोहण्याच्या नाहीतर कराटेच्या वर्गात हे नक्की ऐकलं असेल. अर्थ असा की अंगातला जोर काढ, सैल सोड. हे ऐकायला सोपं वाटतं, पण सैल सोडून तबकडी लांब जाते कशी? ते समजल्यावर आमचा खेळ बदलला, म्हणून आज तेच सांगते. सांगते ते उजव्या हाताने, तबकडी छातीसमोरून आणून मारायच्या फेकीबद्दल. डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलट धरावं.

पहिली गोष्ट म्हणजे उभं राहणं. आम्ही दोघं झाडाकडे तोंड करून उभे राहायचो, आणि चूक तिथेच सुरू व्हायची. आमच्याकडे कुठूनही त्सुकुबा डोंगर दिसतो, ८७७ मीटर उंचीचा, दोन शिखरांचा. समजा त्या डोंगराकडे फेकायचं आहे. मग डोंगराकडे तोंड नको, उजवा खांदा हवा. पाय खांद्याइतके फाकवलेले, गुडघे किंचित वाकलेले. आता हात मागे नेताना खांदे आणि कंबरही मागे वळू द्या, इतके की पाठ थोडी डोंगराकडे होईल. त्या क्षणी नजर डोंगरावरून सुटते, सुटू द्या. नजर तिथेच चिकटवून ठेवली तर खांदे वळत नाहीत, आणि मग सगळं काम एकट्या हाताला करावं लागतं. माझा खांदा त्यामुळेच दुखत होता.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी उजवा पाय जमिनीवर पक्का टेकतो, मग कंबर फिरते, मग खांदे, मग कोपर, आणि सगळ्यात शेवटी मनगट. गच्चीत ओला टॉवेल झटकताना आठवा. हात पुढे जाऊन थांबतो आणि टोक फट्कन वाजतं. टोकाला आपण वेगळा जोर लावत नाही, तो मागून येतो. तबकडी हे त्या टॉवेलचं टोक. हात आधीच ताठ असेल तर मागून आलेला वेग खांद्यातच अडतो. आजोबा म्हणत होते ते हेच. घरी खरोखर टॉवेल घेऊन करून बघा. आवाज येत नसेल तर क्रम चुकतो आहे.

तिसरी गोष्ट तबकडीच्या वाटेची. ती छातीजवळून सरळ रेषेत यायला हवी. पुष्कळजण हात अंगाभोवती गोल फिरवतात, मग ती कुठेही सुटते. यावर एक युक्ती आहे. छाती आणि दंड यांच्या मध्ये छोटी उशी आहे असं समजा. ती चेपायची नाही, म्हणजे कोपर अंगापासून पुढे राहतं आणि तबकडीला जागा मिळते.

चौथी गोष्ट सोडण्याची. खरं तर तबकडी सोडायची नसतेच. सुरुवातीला पकड बेताची ठेवायची, शेवटी बोटं घट्ट होतात आणि तबकडी आपल्या वेगाने निसटते. बोटं मुद्दाम उघडली की फिरकी कमी होते. फिरकी का महत्त्वाची, ते भोवरा खेळलेल्यांना सांगायला नको. जोरात फिरणारा भोवरा उभा राहतो, मंदावला की डुलतो. तबकडीचंही तसंच. आपल्या फेकीत ती वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, आणि वेग उतरला की शेवटी डावीकडे कलते. तेवढं कलणं ही चूक नाही, तो तिचा स्वभाव आहे.

मग चूक ओळखायची कशी? पहिले पाच मीटर बघा. तबकडी हातातून निघतानाच डावीकडे गेली तर ती लवकर सुटली, उजवीकडे गेली तर उशिरा. सरळ निघून वर चढली, थबकली आणि डावीकडे पडली, तर तिची पुढची कड वर होती. लेकाचं नेमकं हेच होत होतं, आणि मी त्यावर जोर हे औषध देत होते! पुढची कड वर असताना जोर वाढवला की ती आणखी वर चढते. उपाय मनगटात आहे. तांब्यातून पाणी ओतताना मनगट जसं खाली झुकतं, तसं ठेवायचं. आणि तबकडी हातातून निघतानाच थरथरत असेल, तर तिचा कल आणि हाताच्या ओढीचा कल जुळलेला नाही.

थोडं वाऱ्याबद्दल. हिवाळ्यात डोंगरावरून येणारा 'त्सुकुबा ओरोशी' इथे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. समोरून वारा असला की तबकडीला आपण जास्त वेगात आहोत असं वाटतं, म्हणून ती उजवीकडे वळते. पुढची कड वर असेल तर वाराच तिला उचलून मागे टाकतो. अशा वेळी फेक खालून ठेवा आणि डावी कड किंचित खाली ठेवा. पाठीमागचा वारा मात्र मदत करतो. डेव्हिड विगिन्स ज्युनिअर यांनी २०१६ साली नेवाडाच्या वाळवंटात ३३८ मीटरची विक्रमी फेक केली, ती पाठीमागच्या वाऱ्याचा फायदा घेऊनच.

आणखी दोन सूचना. मुलांना पातळ कडेची, वेगवान ड्रायव्हर तबकडी लगेच देऊ नका. वेग कमी पडला की ती लवकर डावीकडे पडते आणि मूल हिरमुसतं. जाड कडेची, हलकी पटर तबकडी बरी, तिच्यात चूकही स्पष्ट दिसते. दुसरं, फेकून झाल्यावर उजव्या टाचेवर फिरा. पाऊल रोवून अंग फिरवलं तर पीळ गुडघ्यात बसतो. कुठे दुखलं तर त्या दिवशी थांबा.

सराव असा करा. पहिले काही दिवस जागेवर उभं राहूनच, निम्म्या जोराने, दहा-दहा फेकी. सरळ जाऊ लागल्या की एक पाऊल टाकून, आणि मग तीन पावलांची चाल. बागेतली नियमांची पाटी आधी वाचा, आणि समोर कोणी असेल तर थांबा.

लेकाची तबकडी आता चाळीस मीटरच्या पुढे जाते, रोज नाही, पण जाते. परवा मी पुन्हा दात-ओठ खाऊन फेकली, तर मागून आवाज आला, "आई, चिकारा ओ नुइते!" बोलणार काय? खांदे सोडले आणि पुन्हा डोंगराकडे उजवा खांदा करून उभी राहिले.

तुमच्या गावातल्या बागेत या रविवारी टॉवेल आणि तबकडी घेऊन जा, आणि पहिले पाच मीटर काय सांगतात ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!