क्रीमवर ‘अल्कोहोल’ लिहिलंय? फेकू नका, आधी पूर्ण नाव वाचा

भवानी पेठ, सोलापूर : भवानी पेठेसह शहराच्या पूर्व भागात अनेक घरांत महिला विड्या वळतात. भिजवलेली तेंदूपानं कात्रीने कापायची, तंबाखू हाताळायचा, वर घरची धुणीभांडी. त्यात सोलापूरचा कडक उन्हाळा. हात खरखरीत होतात, बोटांना भेगा पडतात. मग मेडिकलमधून क्रीम आणावी, तर ट्यूबच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरांत ‘सिटाइल अल्कोहोल’ किंवा ‘सिटोस्टिअरिल अल्कोहोल’ दिसतं. क्रीममध्ये दारू आहे का? कातडी आणखी सुकेल का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

नाव एक, गुण वेगळे

रसायनशास्त्रात ‘अल्कोहोल’ हे एका मोठ्या कुटुंबाचं आडनाव आहे. दारू आणि सॅनिटायझरमधलं इथाइल अल्कोहोल 2 कार्बनचं, पातळ आणि झटकन उडून जाणारं. सिटाइल 16 कार्बनचं, तर स्टिअरिल 18 कार्बनचं. ही मेणासारखी पांढरी, घट्ट असतात. सिटाइल वितळायलाच सुमारे 49 अंश तापमान लागतं. त्यांची नशा चढत नाही. पूर्वी सिटाइल व्हेल माशाच्या मेणापासून काढत. आज ही अल्कोहोलं पाम, खोबरेल अशा तेलांपासून तयार होतात. म्हणूनच त्यांना ‘फॅटी अल्कोहोल’ म्हणतात.

क्रीममध्ये काम काय?

तेल आणि पाणी आपणहून एकत्र राहत नाहीत. त्यांना बांधून ठेवणाऱ्या इमल्सिफायरला फॅटी अल्कोहोल साथ देतं, त्यामुळे क्रीम फाटत नाही आणि दाट होते. कातडीवर त्याचा पातळ थर बसतो, आतला ओलावा लवकर उडत नाही आणि हात मऊ राहतात.

काय पाहावं?

- यादीत सुरुवातीलाच नुसतं ‘अल्कोहोल’, ‘अल्कोहोल डिनेट’ किंवा ‘आयसोप्रोपिल अल्कोहोल’ असेल, तर कोरड्या, फुटलेल्या हातांना ती क्रीम टाळावी.
- ‘अल्कोहोल फ्री’ लिहिलेल्या क्रीममध्येही सिटाइल असू शकतं.
- काही थोड्या लोकांना सिटोस्टिअरिलची अॅलर्जी येते. नवी क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन-तीन दिवस पाहावं. खाज किंवा लाली आली तर बंद करावी.
- हात धुऊन, किंचित ओलसर असतानाच क्रीम लावल्यास जास्त उपयोग होतो.

भेगांतून रक्त किंवा पू येत असेल, तर क्रीम बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना हात दाखवावेत.