बिअर घालून केलेल्या पदार्थातलं अल्कोहोल खरंच उडून जातं का?

भज्यांच्या पिठात पाण्याऐवजी बिअर, मटणाच्या रश्श्यात बिअर, यीस्ट न घालता केलेला बिअर ब्रेड... अशा रेसिपींचे व्हीडिओ सोशल मीडियावर सतत दिसतात. सोबत एक वाक्य हमखास असतं: 'काळजी नको, शिजवताना अल्कोहोल उडून जातं.' हे अर्धसत्य आहे.

मग किती उरतं?

अल्कोहोल 78 अंश सेल्सियसला उकळतं, तर पाणी 100 अंशांना. त्यामुळे अल्कोहोल आधीच निघून जाईल असं वाटतं. पण पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल वेगळं उकळत नाही, दोघांची वाफ एकत्रच निघते. त्यामुळे प्रमाण कमी होत जातं, पण लगेच शून्यावर येत नाही.

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार, पदार्थात मिसळून शिजवलेल्या किंवा बेक केलेल्या अल्कोहोलपैकी साधारण इतकं शिल्लक राहतं:

- 15 मिनिटांनी : 40%
- 30 मिनिटांनी : 35%
- 1 तासाने : 25%
- 2 तासांनी : 10%
- अडीच तासांनी : 5%

भांडं किती पसरट आहे आणि झाकण ठेवलं आहे का, यावरही हे आकडे बदलतात.

उदाहरण घेऊ. 5% अल्कोहोल असलेल्या 330 मिलिलीटर बिअरमध्ये साधारण 16 मिलिलीटर अल्कोहोल असतं. तिचा ब्रेड तासभर भाजला तर अंदाजे 4 मिलिलीटर उरतं. दहा स्लाइस केल्या, तर प्रत्येकीत अर्ध्या मिलिलीटरपेक्षाही कमी. नशा येण्याइतकं हे नाही, पण शून्यही नाही.

बिअरने फरक काय पडतो?

तळणीच्या पिठात बिअरमधला कार्बन डायऑक्साइड बुडबुडे तयार करतो आणि आवरण हलकं, कुरकुरीत होतं. थंडगार बिअरमध्ये हा वायू जास्त टिकतो, म्हणून ती ऐनवेळी घालतात.

ब्रेडबाबत मात्र एक गैरसमज आहे. बाजारातल्या बहुतेक बिअर गाळलेल्या असतात, त्यात जिवंत यीस्ट जवळपास नसतं. बिअर ब्रेड फुगतो तो मुख्यतः बेकिंग पावडरमुळे. नुसता मैदा आणि बिअर घेतली, तर हाती दगडासारखा गोळा येतो.

रश्श्यात कडवटपणा सांभाळावा लागतो. बिअरला कडू चव हॉप्समुळे येते आणि रस्सा आटला की ती गडद होते. बेल्जियममध्ये 'कार्बोनाद' हा गोमांसाचा पदार्थ डार्क बिअरमध्ये मंद आचेवर शिजवतात, पण त्यात भरपूर कांदा आणि बहुधा थोडी साखरही असते. घरी करताना कमी कडू बिअर घेतलेली बरी.

कोणी टाळावं?

लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि दारू सोडलेल्या व्यक्तींना असे पदार्थ न देणंच योग्य. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिरॅम हे औषध घेणाऱ्यांना थोड्याशा अल्कोहोलनेही उलट्या, धडधड असा त्रास होऊ शकतो. बिअर बहुतेक वेळा बार्लीपासून बनते, त्यामुळे ग्लुटेन न चालणाऱ्यांनीही जपावं.

भज्यांसाठी थंड सोडा हा सोपा पर्याय आहे. 'नॉन-अल्कोहोलिक' बिअर घेताना लेबल वाचावं, कारण काहींमध्ये 0.5% पर्यंत अल्कोहोल असू शकतं.

आणि पाहुण्यांना वाढण्याआधी पदार्थात बिअर आहे, हे सांगावं. खायचं की नाही, हे त्यांना ठरवू द्यावं.